कानतुटीचा आवाज

वायुआला आयुष्यात फार मोठं असं काही नको होतं. ओढ्याकाठच्या तुकड्यातला मका माकडांच्या पोटात जाऊ नये आणि मोंबासाला गेलेला एकुलता एक मुलगा वरचेवर घरी यावा, एवढंच. आता मका कुठे आणि मुलगा कुठे! पण वायुआने दोन्हीवर एकच औषध काढलं, आणि ते तिच्या गळ्यात होतं.

गळा कसला, भरलेला बाजार होता तो. छपरावर बसून धनेशाने साद घातली की ही खालून असं उत्तर द्यायची की तो बिचारा मान वाकडी करकरून जोडीदारीण शोधत बसायचा. चुकलेल्या शेळीला तिच्याच करडाच्या आवाजात बोलवायची. चीफसाहेबांचं खाकरणं तर असं काढायची की बाजारात पिऊन बसलेले गडी ताडकन उभे राहायचे. तिचा नवरा मुसेम्बी येईल त्याला सांगायचा, "मी काही मुलगी बघायला गेलो नव्हतो. कुंपणापलीकडे तित्तिर ओरडला म्हणून गोफण घेऊन धावलो, तर ही बसलेली! दगड मारायचा राहिला, तो आजतागायत राहिलाच." मुसेम्बी हा असा माणूस. म्हातारा झाला, दात गेले, पण थट्टा काही गेली नाही.

ओढ्याच्या पलीकडच्या काठावर पिवळ्या सालीच्या बाभळींची रांग होती आणि माकडांचं बिऱ्हाड तिथेच. पाणी सोडून ती लांब जात नाहीत. झोपायला बाभळी, खायला बाभळीचा डिंक, फुलं, शेंगा, उंबरं, किडे. आणि शेतात दाणा भरला की आमचा मका. काळं तोंड, कपाळावर पांढरी पट्टी, अंगावर राखी-हिरवट केस. नरांचं जे निळंशार असतं त्याबद्दल बायकांनी बोलायचं नसतं, पण बोलतात. दोन्ही गालांत पिशव्या. कणीस ओरबाडायचं, गाल फुगवायचे आणि पळायचं. खायचं नंतर, निवांत.

एकदा जीप बिघडली म्हणून वनखात्याचा एक साहेब मुसेम्बीच्या अंगणात अडकला होता. कांडलेला मका आणि घेवडा ओरपता ओरपता त्याने सांगितलं, की या माकडांवरून विद्वानांची भांडणं आहेत. आधी म्हणे सगळ्या आफ्रिकेत ही एकच जात धरायचे. मग तिच्या सहा केल्या. आपल्याकडची वेगळी, सुदानकडची वेगळी, इथिओपियाच्या डोंगरातली वेगळी, पश्चिमेकडची हिरवी वेगळी. कुळाचं नावही बदललं. मुसेम्बीने सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "या सहांतली मका न खाणारी कुठली, साहेब?"

"तशी नाही कुठली."

"मग राहू द्या एकच."

साहेब हसून हसून दमला. वायुआला मात्र त्यांच्या जातीपेक्षा त्यांच्या घरच्या गोष्टींत जास्त रस. शेत राखताना माचाणावर बसून बसून तिला त्यांचं सगळं गणगोत पाठ झालं होतं. माकडांत घराणं आईवरून चालतं. आई मानाची असेल तर मुलगी जन्मतःच मानाची, आईच्या खालोखाल तिची जागा, आणि ती मरेपर्यंत आईजवळ राहते. मुलगे वयात आले की चालले. आधी कळपाच्या कडेला बसायला लागतात, मग एक दिवस ओढ्याच्या वरच्या अंगाला दुसऱ्या कळपाच्या दारात उभे. तिथे मार खातात, चावे खातात, पण परत म्हणून येत नाहीत.

"यांच्यातही तेच मेलं!" वायुआ म्हणायची. क्यालो मोंबासाच्या बंदरात क्रेनवर लागला होता, बायको तिकडचीच केली होती, आणि घरी यायचा तो वर्षाकाठी नाताळला.

त्या कळपात मान होता एका म्हाताऱ्या मादीला. तिचा डावा कान कधीतरी कुणीतरी फाडलेला, म्हणून वायुआने तिला नाव ठेवलं कानतुटी. कानतुटी उठली की कळप उठायचा. आणि मुख्य म्हणजे, ती हाक द्यायची तेव्हा कुणी मागे वळून बघायचं नाही. माकडांच्या हाका वेगवेगळ्या असतात. गरुडाची हाक आली की वर बघायचं आणि झुडपात शिरायचं. सापाची आली की मागच्या पायांवर उभं राहून गवतात डोकावायचं. आणि बिबट्याची आली की हातातलं टाकून झाडावर, पार बारीक फांद्यांच्या टोकाला, जिथे बिबट्या आला तर फांदी मोडेल. पोरंटोरं चुकतात. पान गळालं तरी गरुड गरुड म्हणून बोंबलतात. मोठी माणसं, म्हणजे माकडंच हो, एकदा वर बघतात आणि पुन्हा एकमेकांच्या उवा काढायला लागतात. पोराचं कोण मनावर घेतं? पण कानतुटीची गोष्ट वेगळी.

त्या साली कणसांत दूध भरलं आणि कळप शेतात उतरला. वायुआने डबा बडवून पाहिला, गोफण मारून पाहिली. माकडं चार पावलं मागे व्हायची आणि पुन्हा यायची. बाई समोर असली तर जवळ जवळ येऊन दातही दाखवायची. गड्याला भितात, बाईला मोजत नाहीत. वायुआच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "थांबा, दाखवते," म्हणाली, मक्यात खाली बसली, आणि कानतुटीच्या आवाजात बिबट्याची हाक दिली. तीच बारीक, तुटक, घाईची चिरचिर.

काय सांगू! अख्खं शेत हललं. गाल भरलेले, पोटाला पिल्लं चिकटलेली, सगळी ओढा ओलांडून बाभळीच्या शेंड्यांवर. कानतुटी स्वतःसुद्धा. वायुआ मक्यात पडून एवढी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. संध्याकाळी मुसेम्बीला करून दाखवलं, तर तो म्हणाला, "आता मला जेवायला बोलवायचं असलं तर सरळ नावाने बोलव बाई, नाहीतर मी छपरावर चढेन."

मग तिला चटकच लागली. सकाळी एकदा, दुपारी एकदा, मनात आलं की एकदा.

आता ओढ्यापलीकडे, बाभळींच्या मागे, कटुंगेचं घर होतं. कटुंगे म्हणजे मुसेम्बीची पहिली बायको, वायुआची सवत. तिला तीन मुली, तिन्ही आपापल्या घरी. पण क्यालो लहानपणी आईपेक्षा तिच्याच चुलीपाशी जास्त जेवलेला. तो तिला थोरली आई म्हणायचा. कटुंगे कमी बोलायची, आणि बोलली की खरंच बोलायची. तो तिचा गुण म्हणा की खोड म्हणा. पाहुणा म्हणून गेलेल्या घरीही "आमटी खारट आहे" म्हणून मोकळी व्हायची. लोक तिला टरकून असायचे.

बाभळीवर चढलेली माकडं थोड्या वेळाने उतरायची, आणि उतरायची ती कटुंगेच्या तुरीत. एक दिवस ती गुडघ्यावर हात ठेवत ठेवत काठावर आली.

"धाकटे! तुझा बिबट्या या मंडळींना रोज माझ्याकडे जेवायला धाडतो, हे ठाऊक आहे ना?"

"मग तूही ओरड की! तुझं तोंड कुणी बांधलंय?"

"मला नसलेला बिबट्या दिसत नाही," कटुंगे म्हणाली आणि परत फिरली.

वायुआला ते तोंडात मारल्यासारखं लागलं. दोघींचं बोलणं त्या दिवशी बंद झालं. मुसेम्बीने दोन्हीकडे जाऊन थट्टा करून पाहिली. यावेळी त्याची डाळ शिजली नाही.

आणि याच वर्षात वायुआने क्यालोलाही हाक दिली.

पहिल्यांदा सहजच घडलं. मुसेम्बी आंब्याच्या खालच्या फांदीवरून घसरला, ढोपर खरचटलं. वायुआने फोनवर सांगितलं, "बाबा झाडावरून पडले रे, उठवत नाही." क्यालो दुसऱ्या दिवशी दारात. साखर, चहा, गव्हाचं पीठ, बापाला जाड कोट. बाप अंगणात शेळीची गोचिडं काढत बसलेला. क्यालो जरा रागावला, मग हसला, दोन दिवस राहिला, आईच्या हातचं पोटभर जेवला. ते दोन दिवस वायुआ जमिनीवर नव्हती. पोटचा गोळा समोर बसून जेवतोय, याहून जगात दुसरं सुख काय असतं? तिला वाटलं, एवढं सोपं होतं तर मी वर्ष वर्ष वाट बघत का बसले?

दुसऱ्या खेपेला तिने दुकानदाराकडून फोन करवला, तुझ्या आईला रक्ताची उलटी झाली म्हणून. क्यालो रात्रीच्या बसने आला. उलटी नव्हतीच, असलंच तर बिटाचं पाणी होतं. तिसऱ्या खेपेला मुसेम्बीही सामील झाला. त्यालाही मुलगा हवाच होता, फक्त तो तसं म्हणायचा नाही. त्याने फोनवर असं कण्हून दाखवलं की अंगणातला कुत्राही कुईकुई करायला लागला. त्या वेळी कटुंगेही बोलणं बंद असताना भांडंभर पेज घेऊन ओढा ओलांडून आली होती. बघते तर नवरा चुलीपाशी बसून मक्याचं कणीस भाजतोय. तिने पेज खाली ठेवली, आणि "याचं हसू होतंय तोवर ठीक आहे," एवढं म्हणून गेली.

क्यालो आला तेव्हा चिडला नाही. तेच वाईट झालं. तो हसला. "बरं जमलं बाबा," म्हणाला, एक घोट चहा घेतला, आणि त्याच संध्याकाळच्या बसने परत गेला. वायुआने त्याच्यासाठी कोंबडी कापली होती. ती तिने आणि मुसेम्बीने दोघांनीच खाल्ली.

इकडे शेतातही काहीतरी बिघडलं होतं. वायुआने हाक दिली तर आता माकडं पळायची नाहीत. आधी निम्मी पळाली, मग चार-दोन, मग कुणीच नाही. मान वर करून कानतुटीकडे बघायची, कानतुटी आपली मुकाट बसलेली, मग पुन्हा कणसाला हात. वायुआने गळा ताणताणून हाक दिली. एका पोरट्याने तिच्याकडे बघत गालात दाणे भरले. ती चिडली, डबा शोधायला गेली. एवढंच. मनात दुसरं काही आलं नाही.

मग तो दिवस आला. ऊन कललं होतं. कळप कटुंगेच्या बांधाजवळ पसरलेला, बाभळीखाली गळालेल्या शेंगा वेचत. कानतुटी वर दुबेळक्यात, नुकतं झालेलं गुलाबी तोंडाचं पिल्लू पोटाशी. वायुआ माचाणावर शेंगा सोलत होती. अचानक हाक आली. तीच. बारीक, तुटक. वायुआला क्षणभर वाटलं आपणच दिली की काय! तिने हात तोंडावर नेला. पण कानतुटी ओरडत होती, फांदी दोन्ही हातांनी हलवत, डोळे गवतात रोखून. आणि खाली कुणी हललं नाही. दोघी-तिघींनी वर बघितलं, बस्स.

वायुआ माचाणावर उभी राहिली. "पळा!" ती माणसाच्या आवाजात ओरडली. "अगं पळा गं, खरं आहे, खरं आहे!"

मग दुसऱ्या बाभळीवरून एक साधी मादी ओरडली. कळपात जिला शेवटी खायला मिळायचं, कुणीही जिला ढकलायचं, अशी. तिची हाक उमटली मात्र, सगळा कळप एका झेपेत झाडावर. सगळा नाही. कानतुटीची मोठी मुलगी शेंगांच्या ढिगापाशी बसली होती, तिला उशीर झाला. गवतातून पिवळं काहीतरी उसळलं आणि परत गवतात गेलं. आवाजसुद्धा झाला नाही.

कानतुटी अंधार पडेपर्यंत ओरडत होती. आता ती बिबट्याची हाक नव्हती, कसलीच नव्हती. वायुआ घरी आली, तिने चूल पेटवली नाही.

"काय झालं गं?" मुसेम्बीने विचारलं.

"तिची लेक गेली. माझ्यामुळे. तिच्याच तोंडून मी इतकं खोटं बोलले, की तिचं खरं कुणी ऐकलं नाही." आणि ती ढसाढसा रडली. मुसेम्बी थट्टा करणार होता, पण त्याने तिच्याकडे बघितलं आणि चूल स्वतःच पेटवली. वायुआने कानाला खडा लावला, पुन्हा माकडांसमोर तोंड उघडायचं नाही. माकडांसमोर! मुलाचं तिच्या मनातही आलं नाही. माणूस स्वतःच्या घराबाबत किती आंधळा असतो, बघा.

मका कापून झाला आणि मुसेम्बीचे पाय सुजले. मग सूज वर चढली, मग दम. मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी वायुआला बाजूला घेऊन हात धरला आणि सांगितलं, "वय झालंय त्यांचं, आई. हृदय थकलंय. घरी न्या, आवडेल ते खायला द्या, मुलाबाळांना बोलवा." कटुंगे तेव्हा मुलीकडे गेली होती, त्यामुळे तिला यातलं काही ठाऊक नव्हतं.

घरी आल्यावर उशीला टेकून मुसेम्बी म्हणाला, "क्यालोला बोलव. मधाची दारू काढून ठेव." वायुआला कळलं. आमच्याकडे बाप जाताना दारूचा घोट तोंडात घेतो आणि मुलाच्या छातीवर, ओंजळीत फुंकरतो. त्या थुंकीत बापाचा सगळा आशीर्वाद. ते एकदाच करायचं असतं, आधी केलं तर मरणाला आवतण दिल्यासारखं होतं. आणि ते झालं नाही तर मुलगा जन्मभर म्हणतो, माझ्या घराला पाया नाही. दुसऱ्या कुणाला ते बापाच्या वतीने करता येत नाही.

वायुआने आपला बटणांचा फोन घेऊन टेकाडावर जाऊन नंबर लावला.

"क्यालो, बाळा, ये रे. बाबांचं काही खरं नाही."

"काय झालं आता? पुन्हा आंबा?"

"नाही रे. दम लागलाय. पाय सुजलेत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या..."

"आई," तो हसत होता, मायेनेच हसत होता, "इथे जहाज लागलंय. नाताळला येतो ना. बाबांना म्हणावं, या वेळी गोष्ट जरा जुनीच निघाली."

ती धावत घरी आली, टेकाडापर्यंत म्हाताऱ्याला नेणं शक्य नव्हतं, म्हणून अंगणातल्या ज्या कोपऱ्यात कधीमधी फोनची रेंज मिळते तिथे खाट ओढली. मुसेम्बीने फोन कानाला लावला.

"पोरा... ये..." मध्ये दम. "या वेळी... खरंच..."

पलीकडून क्यालोचा आवाज वायुआलाही ऐकू आला. "बाबा, मागच्या वेळी जास्त छान कण्हला होतात हं!" आणि फोन ठेवला.

मुसेम्बीने फोन तिच्याकडे दिला. जन्मभर ज्याने लोकांना हसवलं, तो आभाळाकडे बघत पडून राहिला. मग म्हणाला, "त्याचं काय चुकलं? आपणच शिकवलंय."

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी तिने किती वेळा फोन लावला, तिलाच ठाऊक. क्यालो उचलेना. तिने दुकानदाराला गळ घातली, तो म्हणाला, "वहिनी, मागच्या वेळी मी बोललो, तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही. आता माझं काय ऐकणार?" मुसेम्बी अजून बोलत होता, पेज गिळत होता. मधूनमधून विचारायचा, "निघाला का?" ती म्हणायची, "निघेल, निघेल." हेही खोटंच.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती दारात बसली असताना बाभळीवरच्या त्या दुसऱ्या मादीची तिला आठवण झाली. सगळा कळप कसा तिच्या एका हाकेसरशी उठला होता! कानतुटी फांदी मोडेस्तोवर ओरडत होती, तरी कुणी हललं नव्हतं. हाक तीच, बिबट्या तोच. आवाज दुसरा. वायुआ उठली आणि अनवाणी ओढ्याकडे सुटली.

कटुंगे आदल्या दिवशीच मुलीकडून आली होती. अंगणात तूर पाखडत बसली होती. वायुआला बघून तिने सूप थांबवलं नाही.

"थोरली, त्यांचं संपत आलंय."

"हो का? लोक सांगत होते. पेज घेऊन येऊ का?"

"मार मला. शिव्या दे. पण क्यालोला फोन कर. तो माझं ऐकत नाही गं." वायुआचा तो गळा, ज्यातून धनेश निघायचा, शेळी निघायची, त्यातून आता धड शब्द निघत नव्हता. ती तुरीच्या फोलपटात खाली बसली आणि तिने सवतीचे पाय धरले.

कटुंगेने सूप बाजूला ठेवलं. "मी बघितल्याशिवाय बोलत नाही. चल."

तिचे गुडघे गेलेले. ओढ्याची रेती, मग चढ. वायुआला वाटत होतं तिला पाठीवर घ्यावं. मध्ये दोनदा ती दम खायला थांबली, वायुआ नुसती हात चोळत उभी. शेवटी कटुंगे खाटेपाशी पोचली. तिने नवऱ्याच्या पायाची सूज दाबून बघितली, नखं बघितली, कपाळावर हात ठेवला.

"थोरली," मुसेम्बी पुटपुटला, "आलीस... पेज आणलीस का?"

"नाही आणली," कटुंगे म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. मग तिने कमरेच्या गाठीतून स्वतःचा फोन काढला. अंगणाच्या त्या कोपऱ्यात उभी राहिली.

"क्यालो. मी बोलतेय. बाप जातोय. ये."

"निघालो, थोरली आई."

एकही प्रश्न नाही. काय झालं नाही, कसं नाही, खरं का नाही. वायुआ शेजारीच उभी होती, तिने प्रत्येक अक्षर ऐकलं. तिला एकदम बरं वाटलं. मुलगा येणार होता. तिच्या बोलावण्याने नाही.

रात्रीत मुसेम्बीची वाचा गेली. सकाळी डोळे उघडे होते, ओळखत होते, पण जीभ टाळूला चिकटलेली. क्यालो आला तेव्हा ऊन अंगणात आलं होतं. बंदराच्या कामाचे कपडे अंगावर तसेच, हातात काही नाही. तो खाटेपाशी गुडघ्यावर बसला, शर्टाची बटणं सोडली आणि दोन्ही हातांची ओंजळ पुढे धरली. "बाबा, आलो मी. द्या."

वायुआने मधाच्या दारूचा तुंबा म्हाताऱ्याच्या ओठांना लावला. दारू आत गेली आणि ओठाच्या कडेने तशीच बाहेर आली. पुन्हा लावला. मुसेम्बीने डोळे मिटून जोर केला, गळ्याच्या शिरा ताणल्या, पण फुंकर येईना. परवा हा माणूस फोनवर बोलला होता. काल पेज गिळत होता. वायुआला ते सगळं समोर दिसत होतं. तिने क्यालोला लावलेला प्रत्येक फोन, आंबा, बीट, कण्हणं, सगळं. म्हाताऱ्याची नजर मुलाच्या उघड्या छातीवरून हलत नव्हती.

हनुवटीवरून ओघळलेली दारू क्यालोने तळव्याने टिपली आणि आपल्या छातीला लावली. मग त्याने वर बघितलं.

"हे चालतं का?"

"चालतं रे बाळा!" वायुआ म्हणाली. "त्यांच्याच तोंडची आहे, चालतं, का नाही चालणार?"

क्यालोने मान हलवली, पण तो तिच्याकडे बघतच नव्हता. तो खाटेच्या दुसऱ्या बाजूला बसलेल्या कटुंगेकडे बघत होता. "थोरली आई, चालतं का?"

कटुंगेने नवऱ्याच्या कोरड्या ओठांकडे बघितलं, मग मुलाच्या छातीकडे, मग एकदाच वायुआकडे. रीत काय आहे हे तिला वायुआपेक्षा चांगलं ठाऊक होतं. फुंकर लागते. ओघळलेलं चालत नाही.

"चालतं," ती म्हणाली.

क्यालोने बापाच्या खाटेवर डोकं ठेवलं आणि तो लहान पोरासारखा हमसून हमसून रडला. त्याच्या अंगातलं ओझंच उतरलं. कटुंगे मान खाली घालून आपल्या लेसोच्या पदराचा काठ चुरगाळत बसली होती. तिचं आयुष्यातलं ते पहिलं खोटं असावं, आणि खोट्याची पारख वायुआला नाही तर कुणाला असणार? मुलाच्या पाठीवर हात ठेवावा म्हणून तिने हात पुढे केला, आणि मागे घेतला. त्याला जे ऐकायचं होतं ते तिनेही सांगितलं होतं, कटुंगेच्या आधी सांगितलं होतं. ती तुंबा घेऊन उठली आणि घागरीतलं पाणी आणायला बाहेर गेली.